आधी काय संपेल? कॅम्परव्हॅनमधल्या मुक्कामाचं गणित

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला किंबर्ली हा प्रदेश आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून बराच मोठा, पण लोकसंख्या 50,000च्याही आत. त्याच्या मधोमध गिब रिव्हर रोड जातो. डर्बीपासून कुनुनुरा-विंडहॅमच्या बाजूपर्यंत साधारण 660 किलोमीटरचा हा रस्ता 1960च्या दशकात गुरं वाहून नेणाऱ्या ट्रकांसाठी तयार झाला. काही पट्टे डांबरी झाले असले, तरी बराचसा भाग अजून तांबडी माती, खडी आणि पूल नसलेल्या नद्यांचाच आहे. पावसाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, हे भाग पाण्याखाली जातात आणि रस्ता बंद होतो. मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत मात्र राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांची इथे रांग लागते.

अशा गाडीत नळ, विजेची तार, गॅसवाला, गॅरेज यांच्याशिवाय आठवडाभर कसं राहता येतं? उत्तर सोपं आहे. गाडीत चार साठे असतात: वीज, पाणी, इंधन आणि जेवण. त्यांतला जो आधी संपेल, तो तुमचा मुक्काम ठरवतो. बाकीचे तीन कितीही भरलेले असले, तरी काही फरक पडत नाही. म्हणून एकेका साठ्याचा हिशेब आधी घरी बसून मांडायचा.

वीज

या रस्त्यावर टोयोटा लँडक्रूझर ट्रूप कॅरियर या गाडीचे कॅम्पर खूप दिसतात. छत वर उचललं की आत उभं राहता येतं, वर झोपायची जागा होते. अशा कॅम्परमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी घरासाठी. दोन्हींची वायरिंग वेगळी ठेवलेली असते, कारण रात्रभर फ्रिज चालून बॅटरी उतरली तरी सकाळी गाडी सुरू व्हायला हवी.

घरासाठीची बॅटरी आता बहुधा लिथियमची असते. 100 अँपिअर-तासांच्या अशा बॅटरीत वीजबिलाच्या भाषेत सव्वा युनिट वीज मावते. ती जवळजवळ सगळी वापरता येते. जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी मात्र निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर खराब होते.

आता खर्च. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज उष्ण हवेत दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास घेतो. दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि फोन मिळून पाव युनिट. म्हणजे रोजचा खर्च पाऊण युनिट. छतावर 200 वॉटचं सोलर पॅनल असेल, तर निरभ्र दिवशी साडेपाच तासांचं चांगलं ऊन आणि उष्णता, धूळ, वायरिंग यांची घट धरून साधारण पाऊण युनिटच वीज मिळते. जमाखर्च बरोबर जुळतो, शिल्लक मात्र काहीच राहत नाही. म्हणून दुसरा मार्गही ठेवतात: गाडी चालू असताना इंजिनाचा अल्टरनेटर एका चार्जरमार्फत दुसरी बॅटरी भरतो. 25 अँपिअरचा चार्जर असेल, तर दोन तासांच्या प्रवासात अर्ध्या युनिटहून अधिक वीज साठते.

इथे एक अडचण येते. झाडाच्या सावलीत गाडी लावली की आत गारवा राहतो, पण पॅनल निकामी होतं. त्यावर उपाय म्हणजे लांब वायरीचं घडीचं पॅनल उन्हात मांडायचं आणि गाडी सावलीत ठेवायची.

स्वयंपाक विजेवर करण्याचा मोह टाळावा. 2,000 वॉटची इंडक्शन शेगडी पाव तास चालली की अर्धं युनिट संपतं, म्हणजे फ्रिजचा दिवसभराचा वाटा. म्हणून गॅस वापरतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं छिद्र असलंच पाहिजे. बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाणी

बहुतेक वेळा सगळ्यात आधी संपतं ते पाणीच. पिणं, स्वयंपाक, भांडी आणि ओल्या फडक्याने अंग पुसणं धरून काटकसरीने दोघांना दिवसाला 12 ते 15 लिटर लागतं. 80 लिटरच्या टाकीत पाच-सहा दिवस निघतात. यातलं 20 लिटर वेगळ्या कॅनमध्ये ठेवावं. खडबडीत रस्त्यावर पाईप सैल होतात, आणि एका गळतीने सगळं पाणी जायला नको. ओढ्याचं पाणी घ्यायचंच झालं तर गाळून आणि उकळून.

इंधन आणि वजन

ट्रूप कॅरियरच्या दोन टाक्यांत मिळून 180 लिटर डिझेल मावतं. भरलेली गाडी कच्च्या रस्त्यावर 100 किलोमीटरला 15 लिटर पिते असं धरलं, तर 1,200 किलोमीटरचा पल्ला मिळतो. कागदावर हे भरपूर वाटतं. पण मऊ वाळूत खर्च बराच वाढतो आणि घळींकडे जाणारे फाटे अंतर वाढवतात. डर्बीहून निघाल्यावर इमिंटजी आणि साधारण 300 किलोमीटरवर माउंट बार्नेट इथे डिझेल मिळतं. तिथे टाकी अर्धी असली तरी भरून घ्यावी.

सगळ्या साठ्यांना वजन असतं. 180 लिटर डिझेल म्हणजे 150 किलो, 80 लिटर पाणी म्हणजे 80 किलो, त्यात माणसं, कपाटं, बॅटरी आणि दोन जादा टायर. प्रत्येक गाडीला एकूण वजनाची कायदेशीर मर्यादा असते. म्हणून सामान भरून काट्यावर वजन करून पाहावं. जड वस्तू खाली ठेवाव्यात; छतावरचं ओझं गाडी कलंडायला मदत करतं.

चाकं आणि नदी

साध्या गाडीत वळण घेता यावं म्हणून दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. ते काम डिफरन्शियल करतं. पण एक चाक चिखलात घसरलं की जोर त्याच चाकाकडे वाया जातो. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांनाही जोर मिळतो, आणि डिफ-लॉक लावला की दोन्ही बाजूंची चाकं बरोबर फिरतात. लो-रेंज गिअरमध्ये गाडी अगदी हळू, पण मोठ्या ताकदीने चढते. हे सगळं सैल जमिनीसाठी आहे. कोरड्या डांबरावर अशा गाडीचा फोर-व्हील ड्राइव्ह लावला, तर वळणावर पुढच्या-मागच्या चाकांच्या अंतरात पडणारा फरक जिरत नाही आणि गिअर-दांड्यांवर ताण येतो.

खरी करामत मात्र टायरच्या हवेत असते. डांबरावर 40 पीएसआयच्या आसपास असलेली हवा खडीवर 30च्या आसपास आणि मऊ वाळूत 20च्या खाली आणतात. हवा कमी झाली की टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक रुतत नाही. खडीवरचे हादरेही कमी बसतात. अट एवढीच की वेग कमी ठेवायचा आणि डांबरावर आल्यावर कॉम्प्रेसरने हवा पुन्हा भरायची. म्हणून प्रेशर गेज आणि कॉम्प्रेसर आधी घ्या, बाकीची चमकदार उपकरणं नंतर.

नदी ओलांडताना मोठा धोका इंजिनाचा असतो. हवेबरोबर पाणी आत ओढलं गेलं तर ते दाबलं जात नाही, आणि आतले दांडे वाकतात. छतापर्यंत नेलेला हवेचा नळ त्यासाठीच असतो. एरवी नियम असा की आधी चालत जाऊन खोली तपासावी. किंबर्लीत हा नियम चालत नाही. या रस्त्यावर लागणाऱ्या पेंटेकोस्ट नदीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्या माणसावर हल्ला करतात. तिथे काठावर थांबावं, दुसरी गाडी कशी जाते ते पाहावं, स्थानिकांना विचारावं आणि पाणी चढलेलं असेल तर वाट पाहावी.

मागे काय राहतं

साठे संपतात तसा कचराही साठतो. बंद टाकीचं पोर्टेबल टॉयलेट असेल, तर ते नेमून दिलेल्या जागीच रिकामं करायचं. नसेल, तर पाण्यापासून किमान 100 मीटर दूर, वीतभर खोल खड्डा खणायचा आणि कागद परत न्यायचा. हा मुलूख शतकानुशतकं बुनुबा, न्गारिन्यिन, मिरिवूंग अशा आदिवासी समाजांचा आहे. कुठे मुक्काम करता येतो, कुठे परवाना लागतो, हे आधी विचारून घेणं हा प्रवासाचाच भाग आहे.

मोबाइलची रेंज इथे फार थोड्या ठिकाणी मिळते. म्हणून रेडिओ आणि उपग्रहाद्वारे संकेत पाठवणारं आपत्कालीन यंत्र सोबत ठेवतात. 1928 पासून दुर्गम भागात विमानाने वैद्यकीय मदत पोहोचवणारी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस या प्रदेशातही काम करते. पण विमानालाही पोहोचायला वेळ लागतो. प्रथमोपचार पेटी आणि ती वापरण्याचं शिक्षण तुमच्याकडेच हवं. संध्याकाळनंतर गाडी चालवू नये. रस्त्यावर गुरं आणि कांगारू येतात.

गाडी भाड्याने घेणार असाल, तर करारात कच्च्या रस्त्याची आणि नदी ओलांडण्याची परवानगी आहे का, हे नीट वाचा. मग एखाद्या गावाजवळ दोन रात्री नळ-वीज न वापरता राहून पाहा आणि रोजचं पाणी, बॅटरी, डिझेल वहीत लिहून ठेवा. तो आकडा कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा खरा असतो. नंतर एकच नियम पाळा: चारपैकी कुठलाही एक साठा एक तृतीयांशावर आला की पुढे न जाता भरण्याच्या ठिकाणाकडे गाडी वळवा.