सवंगड्यांच्या खात्यावर

१९९७ साली बंगळुरास राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा खेळाडूंच्या निवासासाठी कोरमंगला भागात जी वसाहत उभी राहिली, तिच्यात आता गृहस्थांचे संसार नांदत असले तरी ‘नॅशनल गेम्स व्हिलेज’ हे तिचे नाव कायम आहे. शुक्ला बोस यांनी २००३ साली स्थापन केलेल्या ‘परिक्रमा’ या संस्थेची एक शाळा याच कोरमंगल्यात चालते. झोपडवस्तीतील व निराधार मुलांना तेथे विनामूल्य शिक्षण मिळते, आणि क्रीडेला त्या शिक्षणात मानाचे स्थान आहे.

अशा मुलांविषयी एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. आईबाप कामावर गेल्यावर पाणी भरणारी, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी ही मुले जबाबदारीला नवखी नसतात. परंतु ती जबाबदारी त्यांच्यावर पडलेली असते, त्यांनी पत्करलेली नसते. तिच्यात भार असतो, अखत्यार नसतो. नियम ठरविण्याचा, सवंगड्याला जाब विचारण्याचा आणि स्वतःही जाब देण्याचा हा अखत्यार मुलाला वर्गातल्या खेळाइतका सहज दुसरीकडे क्वचितच मिळतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाके भिंतीशी सरकवून आठ-आठ मुलांच्या हाती एकेक जुनी चादर द्यावी, तिच्यावर चेंडू ठेवावा, आणि तो खाली न पाडता समोरच्या भिंतीपर्यंत न्यावयाचा, एवढेच सांगावे. पहिल्या खेपेस चेंडू बहुधा पडतोच, कारण ज्याला त्याला आपलाच कोपरा उचलण्याची घाई असते. लगोलग ‘तुझ्यामुळे पडला!’ असा गलका होतो. पुढच्या एखाद्या खेपेस कोणीतरी ‘थांबा, सगळे एकदम चला’ म्हणते, आणि सोळा हात एका पातळीवर येतात. तोवर शिक्षकाने मौन पाळावे. डाव संपल्यावर मात्र मुलांना गोलाकार बसवून, चेंडू कोणामुळे पडला हे न विचारता, तो पडल्यावर कोणी काय केले, हे विचारावे. या विचारपुशीवाचून खेळ हा केवळ विरंगुळा राहतो, आणि तासिका संपत आली की नेमकी तीच वगळली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

बंगळुरातच १९९९ साली सुरू झालेल्या ‘ड्रीम अ ड्रीम’ या संस्थेने फुटबॉल व कला यांच्या द्वारे जीवनकौशल्यांचे शिक्षण आरंभिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेली तिची मोजपट्टी मुलाच्या ठायी पाच गोष्टी पाहते: अडचणीतून वाट काढणे, पुढाकार घेणे, इतरांशी मिळूनमिसळून वागणे, सूचना समजून त्या पाळणे आणि तंटा मिटविणे. आपल्याकडे बीड जिल्ह्यात २००९ साली सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ उपक्रमानेही सहयोगी खेळांचा अवलंब केला आहे.

एकाच्या वागण्याचा जाब साऱ्या गटाने द्यावा, या विचाराचा एक जुना दाखला अमेरिकेतील कॅन्सस प्रांताचा आहे. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील प्रयोगात चौथीच्या २४ मुलांचे दोन गट पाडले होते. कोणी जागा सोडली वा मध्येच बोलले की त्याच्या गटाच्या नावे फळ्यावर खूण पडे, आणि कमी खुणांचा गट जिंके. एकाची आगळीक साऱ्या सवंगड्यांच्या खात्यावर जमा होत असल्यामुळे वर्गातील गडबड झपाट्याने उतरली. परंतु दोन मुले बधेनात, गटाला नाहक भुर्दंड पडू लागला, तेव्हा त्यांना गटातून वगळावे लागले.

मला तो वर्ग या दोन मुलांपाशी अडलेला दिसतो. सामाईक हिशेब मुलांना एकमेकांशी बांधतो, तसाच तो एखाद्याला साऱ्यांच्या रोषाचा धनीही करतो. आपल्या अंगणातल्या पोरांनी यावर तोड काढलेली आहे: ज्याला अजून खेळ झेपत नाही, त्याला ती कच्चा लिंबू म्हणून डावात घेतात, तो धावतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. वर्गातही न बधणाऱ्या मुलाच्या खुणा काही दिवस गटाच्या नावे मांडू नयेत, त्याला सवंगड्यांतून मात्र उठवू नये, आणि पुढील डावाचा एखादा नियम ठरविण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे.