२५ हजार क्यूसेक म्हणजे नक्की किती पाणी? धरणाचा मेसेज असा वाचा

"खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात सुरू असलेला विसर्ग रात्री ११ वाजता वाढवून २५ हजार क्यूसेक करण्यात येत आहे." पुण्यात नदीकाठी राहत असाल तर पावसाळ्यात असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येतोच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो एकाच रात्री पाच-सहा जण टाकतात. खाली हात जोडलेले इमोजी येतात, पण गाडी पार्किंगमधून हलवायची की नाही, हे कुणी सांगत नाही.

तर क्यूसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८.३ लिटर. सोसायटीत येणारा मोठा टँकर १० हजार लिटरचा धरा. मग हजार क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला जवळपास तीन टँकर आणि २५ हजार म्हणजे सत्तर. दर सेकंदाला! २५ जुलै २०२४ च्या पहाटे हा विसर्ग ३५ हजारांच्या घरात गेला, तेव्हा सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी घरात शिरलं आणि लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं.

टीएमसी हा शब्दही याच मेसेजमध्ये असतो, पण तो वेगळा. टीएमसी म्हणजे धरणात साठलेलं पाणी, क्यूसेक म्हणजे वाहण्याचा वेग. बँक बॅलन्स आणि खर्चाचा वेग, तसंच. खडकवासल्याचा बॅलन्स मुळात छोटा, दोन टीएमसीच्या आत. वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव आणि टेमघर आहेत. ती भरली की त्यांचं पाणी खाली खडकवासल्यातच येतं, आणि त्याला ते फार वेळ धरून ठेवता येत नाही. म्हणून विसर्गाचा आकडा काही तासांत दुप्पट-तिप्पट होऊ शकतो.

इथेच फोनवरचं वेदर ॲप फसवतं. ते तुमच्या गल्लीतला पाऊस दाखवतं, पण मुठेचा पूर घाटातल्या पावसावर ठरतो. शहरात ऊन आणि नदी दुथडी, हे पुणेकरांनी कितीतरी वेळा पाहिलंय. ॲपमध्ये 'पानशेत' हे लोकेशन सेव्ह करा आणि पावसाळ्यात आधी ते बघा.

फॉरवर्डमध्ये तारीख आणि वेळ नसेल तर तो मेसेज नसल्यासारखाच समजा. दरवर्षी जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरतात. खात्रीसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप आहे. शिवाय फोन सायलेंटवर असतानाही जोरात वाजणारा सरकारी अलर्ट तुम्हाला कधीतरी आला असेल. तो एसएमएस नसतो. टॉवर आपल्या पट्ट्यातल्या सगळ्या फोन्सना तो एकदम पाठवतो, त्यामुळे त्याला इंटरनेट लागत नाही आणि नेटवर्कवर गर्दी असली तरी तो पोचतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स' सर्च करा. आवाजाला वैतागून बरेच जण ते बंद करून ठेवतात.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी कुठलंच ॲप देत नाही. २५ हजार क्यूसेकला भिडे पुलाजवळ जे होतं, ते तुमच्या इमारतीजवळ होईलच असं नाही. मी दोन पावसाळे एक साधं काम करतोय: विसर्गाचा मेसेज आला की काही तासांनी, उजेडात, गच्चीवरून घाटाच्या पायऱ्यांचा फोटो काढतो आणि नोट्समध्ये फोटोखाली तो आकडा लिहितो. पाण्याजवळ जायची गरज नाही, झूम पुरतो. आता आमच्याकडे आमचाच तक्ता तयार झालाय. कुठल्या आकड्याला शेवटची पायरी बुडते हे माहीत आहे, त्यामुळे त्याच्या बऱ्याच आधी गाड्या वर रस्त्यावर जातात. वीज जाईल या हिशेबाने पॉवर बँकही तेव्हाच चार्जिंगला लागते. तळमजल्यावरच्या आजींकडे बटणांचा फोन आहे, म्हणून त्यांचं दार मात्र आम्ही जाऊनच वाजवतो.