शेक्सपिअरची मेख

भाचीच्या कॉलेजचं गॅदरिंग पनवेलच्या फडके नाट्यगृहात होतं आणि तिच्या वाट्याला ज्युलिएट आली होती, तीही मूळ इंग्रजीत. आमच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. बाई खुर्चीवर चढल्या, कपाळाला आडवा हात लावला आणि लोकल येतेय का बघावं तशा रोमिओला शोधू लागल्या.

"अगं, शोधतेस काय?"

"मामा, ती विचारतेय ना, रोमिओ कुठे आहे म्हणून!"

इथे भलेभले फसतात. ज्युलिएटच्या ओळीतल्या ‘व्हेअरफोर’मध्ये ‘व्हेअर’ दिसतो, म्हणून ‘कुठे’ वाटतं. अर्थ मात्र ‘का’, ‘कशासाठी’. बांधणीसुद्धा आपल्या ‘कशासाठी’सारखीच, त्यातला ‘फोर’ म्हणजे आपला ‘साठी’. ज्युलिएटला रोमिओचा पत्ता नकोच आहे. तो खाली बागेत उभा आहे हे तिच्या गावीही नाही. तिची तक्रार आहे ती नावाची: वैऱ्याच्या घरातलाच हा का निघावा! कपाळावरचा हात खाली आला की अख्खा प्रवेश बदलतो.

इंग्रजीला हसायचं कारण नाही. संस्कृतातला ‘राग’ म्हणजे रंग, ओढ, प्रेम. मराठीत येईपर्यंत तो नाकावर जाऊन बसला. ‘शिक्षा’ तिकडे विद्या, आपल्याकडे छडी.

माझा लाडका शब्द हॅम्लेटच्या जगण्या-मरण्याच्या स्वगतातला, ‘रब’. आजच्या इंग्रजीत रब म्हणजे घासणं, आणि ते तिथे काही केल्या बसत नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला मात्र तो खेळातला शब्द होता. ‘बोल्स’ नावाच्या खेळात हिरवळीवरून लाकडी गोळा घरंगळत सोडायचा. वाटेत उंचवटा किंवा खडा आला की गोळा भलतीकडे वळतो. तो अडथळा म्हणजे रब. गोट्या खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गलीवर नेम धरलेला असतो, गोटी सरळ चाललेली असते, आणि मध्येच खडा! हॅम्लेटचंही तसंच होतं. मरण म्हणजे नुसती झोप, असा विचार छान घरंगळत असतो, आणि झोपेतल्या स्वप्नांचा खडा लागतो. आपण अशा जागी ‘मेख’ म्हणतो. मेख म्हणजे खुंटी, शब्द फारसीतून आलेला. ग्यानबाची मेख म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे खुंटी येत नाही, तसा आजच्या इंग्रजाला त्या ‘रब’मध्ये खडा दिसत नाही.

हॅम्लेट मराठीत आला तो तुरुंगातून. 1882मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. तिथे आगरकरांनी या नाटकाचं भाषांतर हाती घेतलं आणि 1883मध्ये ते ‘विकारविलसित’ नावाने छापून आलं. त्यात हॅम्लेटचा चंद्रसेन झाला आहे. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके 1883च्याच फेब्रुवारीत एडनला, कैदेतच वारले. आमचं नाट्यगृह त्यांच्याच नावाचं. हा नुसता योगायोग, पण मला तिथे खुर्चीत बसलं की तो आठवतो.

भाषांतर करणाऱ्याची खरी कसोटी लागते ती मात्र अगदी बारक्या शब्दांत. एलिझाबेथच्या काळात इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही होते. ‘दाऊ’ म्हणजे तू, ‘यू’ म्हणजे तुम्ही. पुढे ‘तू’ जवळपास नाहीसाच झाला. ‘हॅम्लेट’मधल्या राणीच्या महालातला प्रवेश पाहा. आई मुलाला ‘तू’ म्हणून झापते: वडिलांना दुखावलंस. तिच्या मनात आहे नवा नवरा. मुलगा तेच वाक्य तिच्यावर उलटवतो, फक्त त्याच्या मनातले वडील मेलेले आहेत, आणि आईला तो म्हणतो ‘तुम्ही’. पुढच्याच वाक्यात आईही ‘तू’वरून ‘तुम्ही’वर येते. एकाही शिवीशिवाय, नुसत्या सर्वनामात भांडण पेटलंय. आजच्या इंग्रज विद्यार्थ्याला याच्यासाठी तळटीप लागते.

मराठी कानाला ती लागू नये, पण एक अडचण आहे. आपल्याकडे आई ‘तू’च असते, अहो-जाहो वडिलांच्या वाट्याचं. हॅम्लेटच्या तोंडी ‘आई, तुम्ही’ घातलं तर ते तुसडं वाटेल की नुसतंच राजवाड्यातलं? ‘आईसाहेब, आपण’ म्हटलं तर तो एकदम ऐतिहासिक नाटकात जाऊन उभा राहतो आणि टोचणी निघून जाते. राणीच्या ‘तुम्ही’ची मात्र मुळीच चिंता नाही. मी हे भाचीला समजावत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला.

"अहो ज्युलिएटबाई, पानं घेतलीयेत. येताय, की ताट बाल्कनीत पाठवू?"

भाची खुर्चीवरून खाली उतरली.