रिफंडचा मेसेज खरा की खोटा?

सापळा : ‘तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, खाते क्रमांक तपासा,’ असा एसएमएस. सोबत लिंक. रिटर्न भरण्याच्या हंगामात, जुलैच्या आसपास, असे मेसेज वाढतात.

खरा रिफंड : प्राप्तिकर पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. त्यासाठी ओटीपी, कार्डाचा पिन किंवा ‘प्रोसेसिंग फी’ लागत नाही. रिटर्न ई-व्हेरिफाय केल्याशिवाय मात्र तो निघत नाही. ई-व्हेरिफाय करण्याची मुदत ३० दिवसांची.

डिन : प्राप्तिकर विभागाच्या नोटिशीवरचा दस्तऐवज ओळख क्रमांक. १ ऑक्टोबर २०१९पासून बंधनकारक, अपवाद मोजके. तो खरा आहे का, हे पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येते. हातात नोटीस पडली की पहिले काम हेच.

पत्ता : अधिकृत संकेतस्थळाचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो. ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ दिसले तर ते विभागाचे नव्हे. लिंकवर टिचकी न मारता पत्ता स्वतः टाइप करावा.

‘डिजिटल अरेस्ट’ : व्हिडिओ कॉलवरच ‘अटक’ केल्याचे भासवून पैसे उकळण्याचा प्रकार. भारतीय कायद्यात अशी तरतूदच नाही. कॉलवर गणवेश दिसला, तरीही नाही.

घरचा भेदी : खोट्या वजावटी दाखवून जादा रिफंड मिळवून देणारा, त्यावर टक्केवारी घेणारा एजंट. पकडले गेल्यास जबाबदारी करदात्याची. चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो.

पैसे गेलेच तर : लगेच १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन क्रमांक फिरवा, बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.