तलवारीआधी गप्पा

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ 2004 साली आला. त्यात राक्षस मारणारे पुष्कळ. पण काही जण स्टॉर्मविंड शहरात तासन्‌तास नुसते बोलत बसतात. बोलतं ते पात्र, खेळाडू नव्हे. हाच रोलप्ले.

सुरुवात सर्व्हर निवडण्यापासून. अमेरिकेत मून गार्ड आणि युरोपात आर्जंट डॉन हे यासाठीचे गजबजलेले सर्व्हर. (मून गार्डवरची गोल्डशायरची खानावळ चावटपणासाठी बदनाम आहे, तिकडे फिरकू नका.)

पात्र साधं ठेवा. हरवलेले राजपुत्र पायलीला पन्नास मिळतात. कर्जात बुडालेला लोहार जास्त रंगतो. त्याचा धंदा, एखादी भीती आणि शहरात येण्याचं कारण एवढं ठरलं तरी पुरे. संवाद साध्या चॅटमध्ये लिहायचा. कृती लिहिण्यासाठी 'इमोट'ची आज्ञा असते.

खरी गोची पुढे आहे. 'मी तलवार उगारतो' असं लिहावं, 'मी त्याचं डोकं उडवतो' असं नाही. वार लागला की हुकला, हे समोरचा ठरवतो. तसंच 'टोटल आरपी 3' या, इतरांच्या पात्रांची माहिती दाखवणाऱ्या अ‍ॅडऑनमध्ये (खेळाला जोडायच्या पूरक प्रोग्रॅममध्ये) तुम्ही एखाद्याचं गुपित वाचलंत, तरी तुमच्या पात्राला ते ठाऊक नसतं. हे दोन नियम मोडणाऱ्याशी कोणी खेळत नाही.

इंग्रजी कच्चं असलं तरी बिघडत नाही, पात्र परदेशी दाखवा. विसाव्या पातळीपर्यंत खेळ फुकट आहे. तेवढ्यात आपल्याला हे जमतंय का, ते कळतं.