जुलैचे मुके ढग

वळवात विजा कडाडतात आणि श्रावणाच्या झडीत गप्प असतात, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. पण वरून मोजून पाहायला 1997 चा नोव्हेंबर उजाडावा लागला. अमेरिका-जपानने सोडलेल्या ‘टीआरएमएम’ उपग्रहावर पावसाचं रडार आणि विजा टिपणारं उपकरण दोन्ही होतं. ढगाचं पोट आणि त्याची वीज एकदमच दिसू लागली.

त्याआधी 1995 मध्ये अवकाशात गेलेल्या, विजा टिपणाऱ्याच एका उपकरणाने एक जुना आकडा मोडलाच होता. पृथ्वीवर सेकंदाला 100 विजा चमकतात, हा 1925 पासूनचा अंदाज 44 च्या आसपास उतरला.

खरी गंमत ढगाच्या आत आहे. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्याची जमीन भाजून निघते, हवा झपाट्याने वर जाते आणि ढगाचा माथा 15 किलोमीटरपर्यंत पोचू शकतो. साधारण पाच किलोमीटरवर शून्य अंश. त्याच्या वर पाणी गोठणबिंदूखाली असूनही काही काळ द्रवच राहतं. तिथे मऊ गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर आपटतात. बहुतेक वेळा गारांवर ऋण भार चढतो, हलके कण धन भार घेऊन वर उडतात. दोन्ही भारांमधला ताण वाढत गेला की वीज.

जुलैत हवा समुद्रावरून येते, दमट पण संथ. थेंब खालच्या खालीच वाढून पडतात, बर्फापर्यंत फारसं पाणी जातच नाही. महाबळेश्वरला त्या महिन्यात साधारण 2,000 मिलिमीटर पाऊस होतो, पण गडगडाट क्वचितच. पावसाच्या आकड्यावरून ढगाचा जोर जोखायची आपली खोड इथे फसते.

ऑस्ट्रेलियात डार्विनजवळही 1988 ते 1990 दरम्यान हेच आढळलं होतं: मोसमी पावसात विजा थोड्या, त्यात खंड पडला की भरपूर.

‘टीआरएमएम’ 2015 मध्ये थांबला. एका जागेवर तो एका फेरीत जेमतेम दीड मिनिट नजर ठेवी, तेवढ्यात शेतातल्या माणसाला इशारा कसा मिळणार? त्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने जमिनीवर सेन्सर बसवले, पुढे ‘दामिनी’ ॲप आलं. त्याची गरज जुलैपेक्षा मृगाच्या तोंडावर, आणि परतीच्या पावसात सोयाबीनच्या सुगीला जास्त लागते.