गोधडी धुवायची नाही!

आजीच्या लुगड्याची गोधडी धुवायला टाकली की घर डोक्यावर घेणारं पोर बहुतेक घरांत असतं. कडेचे टाके उसवलेले, रंग विटलेला, जरा कळकटच. पण रडून लाल झालेलं ते पोर तिचा कोपरा गालावर फिरवू लागलं की हुंदके हळूहळू ओसरतात. ही जादू चालते कुठे? थेट कातडीखाली.

स्पर्शाची खबर नेणारे नेहमीचे चेतातंतू वेगवान असतात. पण केसाळ त्वचेत आणखी एक जात सापडते. त्यांचा निरोप सेकंदाला जेमतेम मीटरभर सरकतो. त्यांना धसमुसळेपणा खपत नाही; सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर अशा संथ, ऊबदार स्पर्शाला ते सर्वाधिक दाद देतात. आई पाठीवरून हात फिरवते, तो साधारण त्याच वेगाने! काय टेकलं, कुठे टेकलं याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. ते मेंदूतल्या इन्सुला या भागाला कळवतात, ते बरं वाटल्याचं. निव्वळ कुरवाळण्यासाठी शरीराने वेगळी तार ओढून ठेवावी, हे मला अजून खरं वाटत नाही.

१९५८ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या: एक तारेची, दुधाची बाटली लावलेली; दुसरी टॉवेलच्या कापडाची. पिल्लं दूध पिऊन परत कापडालाच बिलगत. प्रयोग निर्दय होता, यात वाद नाही. पण घाबरलेलं पिल्लू कापडाला अंग घासून शांत झालं की ज्या खेळण्याला भ्यालं होतं, त्याच्याकडेच वळून टकामका बघू लागे.

उरला गोधडीचा वास. तो भावनांच्या केंद्रापाशी इतर संवेदनांपेक्षा जवळच्या वाटेने पोचतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनीही लिहून ठेवलंय की अशी वस्तू धुतली तर बाळाच्या अनुभवाची सलगता तुटते. म्हणजे पोराची तक्रार रास्तच!

पण त्वचा आणि नाक एवढ्यावर हिशेब मिटत नाही. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना हुबेहूब प्रत काढणारं ‘यंत्र’ दाखवलं. साधं खेळणं असेल तर बऱ्याच जणांना नवी प्रत हवी होती. जिवाभावाची वस्तू मात्र काहींनी यंत्रात ठेवूच दिली नाही. ज्यांनी दिली, त्यांतल्या बहुतेकांनी आपली जुनीच परत मागितली. यंत्र खोटं होतं, हे त्यांना ठाऊकही नव्हतं.